सगळ्यात भारी रात्र कोणती?

न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावी कॉर्नेल विद्यापीठाचा बार्टन हॉल आहे. मुळात लष्करी कवायतीसाठी बांधलेली ही प्रचंड वास्तू. गाणं ऐकायला म्हणून कुणी मुद्दाम निवडावी अशी नाही. ८ मे १९७७ रोजी, रविवारी रात्री, 'ग्रेटफुल डेड' हा कॅलिफोर्नियाचा बँड तिथे वाजवून गेला. मे उजाडला होता तरी त्या रात्री गावात बर्फ पडला. पुढे अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण जतन करण्याजोग्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या २०११ सालच्या यादीत घेतलं. तोवर हे मुद्रण दुकानात विकतही मिळत नव्हतं! अधिकृत अल्बम निघायला २०१७ साल उजाडलं. म्हणजे त्या रात्रीचं मोठेपण आधीच ठरलं होतं आणि ते ठरवलं होतं चाहत्यांनी, एकमेकांना कॅसेटी देत, त्या झिजेपर्यंत ऐकत आणि त्यावर तावातावाने भांडत.

या चाहत्यांना 'डेडहेड' म्हणतात. दोन डेडहेड भेटले की ते तारखांमध्ये बोलू लागतात. अमेरिकी पद्धतीने महिना आधी, मग दिवस, मग साल: पाच-आठ-सत्त्याहत्तर. एवढं म्हटलं की गाव, सभागृह, गाण्यांचा क्रम, कुठल्या गाण्यातून कुठल्या गाण्यात बँड कसा सरकला, सगळं समोरच्याच्या डोक्यात हजर होतं.

तारखेला एवढं महत्त्व येण्याचं कारण बँडच्या वाजवण्यातच आहे. १९६५ ते १९९५ या तीस वर्षांत ग्रेटफुल डेडने सुमारे २३०० कार्यक्रम केले आणि त्यातला कुठलाही दुसऱ्यासारखा नव्हता. गाण्यांची यादी आधी ठरलेली नसायची. 'डार्क स्टार' हे गाणं १९६८ साली तबकडीवर आलं तेव्हा तीन मिनिटांचंही नव्हतं. रंगमंचावर तेच वीस-पंचवीस मिनिटं चाले आणि ११ मे १९७२ रोजी रॉटरडॅममध्ये तर पाऊण तासाच्याही पुढे गेलं. जेरी गार्सियाची गिटार आणि फिल लेशचा बास एकमेकांचा माग काढत कुठे पोचतील हे त्या दोघांनाही ठाऊक नसायचं. आपल्याकडचा जाणकार श्रोता अमुक बुवांचा अमक्या मैफलीतला मारवा म्हणून जसा वर्षानुवर्षं आठवत राहतो, तसंच हे. राग तोच, पण त्या दिवशीचा वेगळा. अल्बमच्या खपावर हा बँड कधीच उभा नव्हता. पहिल्या दहांत शिरलेलं त्यांचं एकमेव गाणं 'टच ऑफ ग्रे' १९८७ साली आलं, बँड सुरू होऊन बावीस वर्षं झाल्यावर.

आणि बँडने आणखी एक मोकळीक दिली. प्रेक्षकांना ध्वनिमुद्रण करू दिलं. लोक उंच दांड्यांवर मायक्रोफोन लावून सभागृहात उभे राहू लागले. दांड्यांचं ते रान इतकं माजलं की ऑक्टोबर १९८४ मध्ये मुद्रण करणाऱ्यांसाठी ध्वनिनियंत्रकाच्या मागे जागाच राखून ठेवावी लागली. अट एकच, कॅसेट विकायची नाही. द्यायची किंवा बदल्यात दुसरी घ्यायची. नवख्याकडे बदल्यात द्यायला काही नसेल तर त्याने कोऱ्या कॅसेटी आणि परतीचा टपालखर्च पाठवायचा. पलीकडचा अनोळखी माणूस नकला भरून धाडायचा. 'रेलिक्स' हे मासिक १९७४ साली सुरू झालं तेही अशा देवघेवीतूनच. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांत संपते. त्यामुळे गाणं ऐन रंगात असताना खट्कन तुटतं, मग दुसऱ्या बाजूवर काही क्षण हरवून पुढे सुरू होतं. असंख्य डेडहेडांना ती तूटही पाठ आहे. पुढे सीडीवर तेच गाणं सलग ऐकताना ते त्या जागी अजूनही थबकतात.

बार्टन हॉलची कीर्ती या देवघेवीतून वाढली, पण तिच्यामागे एका बाईंचे कान होते. बेटी कँटर-जॅक्सन या बँडच्या ध्वनिमुद्रक. त्या काळात हे काम करणाऱ्या बायका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांनी थेट मिक्सरवरून घेतलेल्या टेपांमध्ये प्रत्येक वाद्य सुटं, स्वच्छ आणि ऊबदार ऐकू येतं. पुढे त्यांच्या सामानाचं गोदामभाडं थकलं आणि १९८६ साली तो सगळा माल लिलावात गेला. त्यात या टेपाही होत्या. हौशी चाहत्यांनी त्यातल्या अनेक टेपा दुरुस्त करून, नव्याने उतरवून वाटल्या आणि 'बेटी बोर्ड्‌स' हे नाव अमेरिकाभर झालं. तोवर प्रेक्षकांतून घेतलेल्या, खरखर आणि कलकलाट भरलेल्या नकला ऐकत आलेल्यांना एकाएकी बँडच्या मधोमध बसल्यासारखं वाटलं असणार. १९७७ च्या त्या वसंतात बँडही कसून तयार होता. 'टेरापिन स्टेशन' या अल्बमसाठी कीथ ओल्सेन या निर्मात्याने त्यांच्याकडून नुकतीच कडक तालीम करून घेतली होती. बांधीव वादन आणि उत्तम मुद्रण यांची गाठ नेमकी पडली.

त्या मुद्रणात एक साधा क्षण आहे. पुढच्या रांगांत चेंगराचेंगरी होऊ लागली म्हणून बँडवाले लोकांना पाऊलभर मागे सरकायला सांगतात, खेळ मांडल्यासारखं, हसत-खेळत. आणि मग 'स्कार्लेट बिगोनियाज' सुरू होतं. त्यातून 'फायर ऑन द माउंटन'मध्ये शिरताना सांधा कुठे बसवला ते कळत नाही. दोन्ही मिळून पंचवीस मिनिटांच्या आसपास. डेडहेडांच्या मते सबंध कारकिर्दीतलं हे सर्वांत सुंदर स्थित्यंतर.

मराठी वाचकाला इथे माहीमपर्यंत जाणारा एक धागा सापडेल. बँडचा ड्रमवादक मिकी हार्ट साठच्या दशकातच उस्ताद अल्लारखांच्या प्रभावाखाली आला होता. 'द इलेव्हन' हे अकरा मात्रांचं गाणं त्याच ओढीचं फळ. पुढे कॅलिफोर्नियात अली अकबर कॉलेजच्या परिसरात अल्लारखांचे चिरंजीव झाकीर हुसेन त्याला भेटले आणि 'डिगा रिदम बँड' उभा राहिला. १९७६ साली निघालेल्या त्यांच्या अल्बममधल्या एका रचनेवर गार्सियाने गिटार वाजवली होती. तीच रचना, रॉबर्ट हंटरचे शब्द लेवून, 'फायर ऑन द माउंटन' झाली. बार्टन हॉलमधला जो क्षण अमेरिकेत इतका नावाजला जातो त्याच्या मुळाशी माहीमला वाढलेल्या तबलजीच्या संगतीत घडलेली लय आहे. हार्ट आणि झाकीर यांची जोडी पुढेही टिकली. त्यांच्या 'प्लॅनेट ड्रम'ला १९९२ साली जागतिक संगीताचं पहिलंच ग्रॅमी मिळालं.

अर्थात कॉर्नेलला पहिला नंबर द्यायला सगळे तयार नाहीत. पट्टीचे ऐकणारे म्हणतात, त्याच आठवड्यात ५ मेला न्यू हेवन, ७ मेला बॉस्टन आणि ९ मेला बफेलो इथेही बँड तितकाच चढला होता. कॉर्नेलची टेप हातोहात पोचली म्हणून ती गाजली. या युक्तिवादात तथ्य आहे. २०१७ साली हे चारही कार्यक्रम एका संचात निघाले तेव्हा ज्याला त्याला आपल्या कानांनी पारखता आलं, आणि बफेलोच्या बाजूने बोलणारे वाढले.

पण एकच रात्र निवडायची झाली तर कौल व्हेनेटाला द्यावा. २७ ऑगस्ट १९७२, ओरेगन राज्य. केन केसी या कादंबरीकाराचा भाऊ चक याची स्प्रिंगफील्ड क्रीमरी ही डेअरी आर्थिक अडचणीत होती. तिच्या मदतीसाठी बँडने उघड्या माळावर वाजवायचं ठरवलं. तिकिटं डेअरीच्या दह्याच्या डब्यांवरच्या लेबलांवर छापली गेली. पारा १०० अंश फॅरनहाइटच्या वर, पाणी अपुरं, आणि रंगमंच असा बांधलेला की दुपारचं ऊन थेट वादकांच्या तोंडावर. तापून वाद्यं उतरत होती. मध्येच थांबून तारा जुळवाव्या लागत होत्या. त्या काळात हार्ट बँडमध्ये नव्हता. बिल क्रॉइट्झमन एकटाच ड्रमवर, आणि एकच ड्रमवादक असल्याने बँड वाटेल तिथे वळू शकत होता. दिवस कलताना सुरू झालेला 'डार्क स्टार' म्हणजे त्या लवचीकपणाचा पुरावा. या कार्यक्रमाचं चित्रीकरणही झालं होतं, पण 'सनशाइन डेड्रीम' हा चित्रपट अधिकृतपणे यायला २०१३ साल लागलं. चाळीस वर्षं त्याच्या धुरकट व्हिडिओ नकला हातोहात फिरत राहिल्या. कॉर्नेलचं वादन निर्दोष आहे. व्हेनेटाच्या वादनात उन्हाचे चटके आहेत, आणि त्या उन्हात सापडलेली वाटही.

गर्दीचा आकडा या हिशेबात कुठेच बसत नाही. वुडस्टॉकला, ऑगस्ट १९६९ मध्ये, ग्रेटफुल डेडचा कार्यक्रम पार कोसळला. पाऊस, ओला रंगमंच, गिटारींमधून बसणारे विजेचे झटके. तो आपला वाईट कार्यक्रम होता, असं पुढे बँडमधलेच सांगत. जुलै १९७३ मध्ये वॉटकिन्स ग्लेनला सुमारे सहा लाख लोक जमले होते. तिथली डेडहेडांची लाडकी आठवण मात्र मुख्य कार्यक्रमाची नाही. आदल्या दिवशी ध्वनिव्यवस्था तपासायच्या निमित्ताने बँड आला आणि आधीच येऊन पडलेल्या लोकांसाठी मनमुराद वाजवत बसला, ती संध्याकाळ त्यांना जास्त प्रिय.

उलट उदाहरण इजिप्तचं. सप्टेंबर १९७८ मध्ये बँड गिझाच्या पिरॅमिडांपाशी सलग तीन रात्री वाजवून आला. पियानो सुरात नव्हता. क्रॉइट्झमनचं मनगट मोडलेलं, तो एका हाताने वाजवत होता. मोठ्या पिरॅमिडच्या आतल्या दालनात आवाज सोडून त्याचा घुमारा परत आणायचा घाट फसला. वादनावर खूश नसल्यामुळे बँडने त्याचा अल्बम तेव्हा काढलाच नाही. तो तीस वर्षांनी, २००८ साली आला. तरी चाहत्यांच्या स्मरणात गिझा पक्कं आहे. नुबियन संगीतकार हमझा अल-दीन यांच्या साथीदारांनी टाळ्यांवर बारा मात्रांचं आवर्तन धरलं आणि बँडमधले एकेक जण त्यात शिरत गेले. तिसऱ्या रात्री तर आकाशात खग्रास चंद्रग्रहण होतं.

वाट पाहणं हा या आठवणींचा निम्मा भाग आहे. ३१ डिसेंबर १९७८ ला सॅन फ्रान्सिस्कोचं 'विंटरलँड' हे सभागृह कायमचं बंद होणार होतं. त्या रात्री चाहत्यांनी एक फलक लावला: या शहरात 'डार्क स्टार' वाजून १५३५ दिवस झाले. कुणीतरी बसून हिशेब केला होता, आणि तो बरोबर होता; १८ ऑक्टोबर १९७४ ला तिथेच ते शेवटचं वाजलं होतं. बँडने त्या रात्री ते वाजवलं. कार्यक्रम पहाटेपर्यंत चालला आणि आयोजक बिल ग्रॅहमने जमलेल्यांना सकाळचा नाश्ता वाढला.

अकरा वर्षांनी व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनला तसंच घडलं. 'टच ऑफ ग्रे'नंतर बिनतिकिटांची गर्दी गावोगाव डोईजड होऊ लागली होती. म्हणून ऑक्टोबर १९८९ मधले दोन कार्यक्रम 'पूर्वाश्रमीचे वॉरलॉक्स' अशा, बँडच्या अगदी जुन्या नावाने, गाजावाजा न करता लावले. ९ तारखेला 'डार्क स्टार' वाजलं, १९८४ नंतर पहिल्यांदा. मुद्रणात त्याचे सुरुवातीचे मोजके सूर वाजतात न वाजतात तोच सभागृहातून जो गलका उठतो तो ऐकला की पाच वर्षं म्हणजे काय ते कळतं. त्याच रात्री 'अ‍ॅटिक्स ऑफ माय लाइफ' आलं. ते तर १९७२ नंतर कुणी ऐकलंच नव्हतं.

सगळ्यांच्या आठवणी कानांनीच साठवल्या असंही नाही. ऐकू न येणारे डेडहेडही कार्यक्रमांना येत. त्यांच्यासाठी रंगमंचाजवळ जागा असे, खुणांच्या भाषेत गाणं सांगणारे दुभाषे असत, आणि हातात फुगवलेला फुगा धरून ते बासची थरथर तळव्यांवर घेत. नशा सोडलेले चाहते मध्यंतरात पिवळ्या फुग्यांखाली जमून एकमेकांना बळ देत. त्यांच्यासाठी चांगली रात्र म्हणजे शुद्धीत ऐकलेली रात्र. बाहेर पार्किंगमध्ये चीज सँडविच आणि रंगीबेरंगी टाय-डाय सदरे विकून पुढच्या गावाच्या पेट्रोलचे पैसे उभे करणाऱ्यांना कित्येकदा तो बाजारच जास्त आठवतो.

शेवटचा कार्यक्रम ९ जुलै १९९५ चा, शिकागोच्या सोल्जर फील्डवर. गार्सिया थकलेला होता, शब्द विसरत होता. तो कार्यक्रम पुन्हा पुन्हा ऐकणारे थोडेच. बरोबर एका महिन्याने, ९ ऑगस्टला, वयाच्या ५३ व्या वर्षी गार्सिया गेला.

त्यानंतर मागे राहिलेला टेपांचा साठाच कामाला आला. मुळात टेपा जमवणारा चाहता असलेला डिक लाटव्हाला बँडच्या संग्रहाचा राखणदार झाला होता. त्याच्या निवडीने १९९३ पासून सुरू झालेल्या 'डिक्स पिक्स'चे ३६ भाग निघाले, आणि पहिल्या भागासाठी त्याने टँपाचा १९ डिसेंबर १९७३ चा कार्यक्रम निवडला, ज्याची फारशी कुणी चर्चा करत नव्हतं. २०११ साली १९७२ च्या युरोप दौऱ्याचे बावीसच्या बावीस कार्यक्रम ७३ सीडींच्या पेटीत आले आणि ७२०० पेट्या चार दिवसांत संपल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये, जुन्या बँडमधले काही जण असलेल्या 'डेड अँड कंपनी'ने बँडची साठ वर्षं साजरी केली, तेव्हा तिन्ही दिवशी हजारोंनी लोक आले. त्यातल्या पुष्कळांचा जन्म गार्सिया गेल्यानंतरचा. कॉर्नेल की बफेलो, हे तेही हिरिरीने सांगतात, आणि आता त्यांच्याकडे चारही रात्रींचं स्वच्छ मुद्रण आहे.