बजावलेले कर्तव्य : लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात

अधिकारपदावर असताना वरिष्ठांना रुचणारे बोलणे सोपे असते. न रुचणारे सत्य वेळेवर, लेखी आणि पुराव्यासह मांडणे ही मात्र कर्तव्याची खरी कसोटी होय. या कसोटीस पूर्णपणे उतरलेला एक सेनानी महाराष्ट्राने देशाला दिला. लेफ्टनंट जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे त्यांचे नाव.

कोल्हापूर जिल्ह्यातील वडगाव येथे १९०६ साली त्यांचा जन्म झाला. इंग्लंडमधील सँडहर्स्ट येथे शिक्षण घेऊन १९२६ मध्ये ते सैन्यात अधिकारी झाले. हिंदी अधिकारी युद्धात पलटणीचे नेतृत्व करू शकेल काय, याविषयी त्या काळी अनेक इंग्रज साशंक होते. जानेवारी १९४५ मध्ये ब्रह्मदेशातील आराकान किनाऱ्यावर कांगॉ येथे या शंकेला उत्तर मिळाले. एकाच ब्रिगेडमधील तिन्ही पलटणींचे प्रमुख तेथे हिंदी होते : थोरात, थिमय्या आणि एल. पी. सेन. तिघांनाही 'डी. एस. ओ.' हा शौर्यसन्मान लाभला.

कोरियातील कामगिरी निराळ्या धैर्याची होती. १९५३ च्या युद्धविरामानंतर मायदेशी परतण्यास नकार देणारे सुमारे बावीस हजार युद्धकैदी भारतीय संरक्षक दलाच्या ताब्यात आले. त्या दलाचे प्रमुख थोरात होते. चिनी कैद्यांनी एका भारतीय मेजरला ओलीस धरले, तेव्हा ते स्वतः नि:शस्त्र छावणीत शिरले आणि त्यांनी त्या अधिकाऱ्याची सुटका करून घेतली. या धैर्याबद्दल त्यांना अशोकचक्र (वर्ग दोन) देऊन गौरविण्यात आले.

त्यांची खरी परीक्षा मात्र पुढेच होती. १९५७ मध्ये ते ईस्टर्न कमांडचे प्रमुख झाले. तिचे मुख्यालय तेव्हा लखनौला होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लोंगजू येथे चिनी सैन्याशी चकमक झाली आणि ईशान्य सीमेच्या रक्षणाची जबाबदारी लष्कराकडे आली. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी आपला अहवाल सादर केला. सीमेवरील चौक्या केवळ सूचना देण्यापुरत्या असाव्यात. मुख्य लढाई बोमदिलासारख्या मागच्या रेषेवर द्यावी, म्हणजे आपला पुरवठामार्ग आखूड राहील व शत्रूचा लांबेल, असा त्यातील विचार होता. त्यासाठी किती सैन्य व साधने लागतील, हेही त्यांनी नमूद केले. मार्च १९६० मध्ये लखनौ येथे 'लाल किला' या युद्धसरावात हाच विषय त्यांनी पुन्हा मांडला. उपलब्ध बळावर सीमा राखता येणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

सरसेनापती थिमय्यांनी अहवाल संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापुढे ठेवला. परंतु चीनचा प्रश्न राजनीतीने हाताळता येईल, अशी मंत्र्यांची धारणा होती. १९६१ मध्ये थिमय्या निवृत्त झाले. त्यांनी आपल्या जागी थोरातांची शिफारस केली होती. निवड झाली ती जनरल थापर यांची. त्याच वर्षी थोरातही निवृत्त झाले.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनने आक्रमण केले. काही दिवसांतच तवांग गेले; नोव्हेंबरमध्ये बोमदिलाही पडले. पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतले आणि हा अहवाल आपल्याला का दाखवला गेला नाही, असे विचारले. त्याचे उत्तर मेननच देऊ शकतील, असे थोरातांनी सांगितले. हा सारा वृत्तान्त त्यांनी १९८६ मध्ये प्रकाशित झालेल्या 'फ्रॉम रेव्हेली टू रिट्रीट' या आत्मचरित्रात नोंदविला आहे. १९९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आपले भाकीत खरे ठरावे, असे कोणत्या सैनिकाला वाटेल? ते खरे ठरण्याची किंमत सीमेवरील जवानांनी प्राणांनी चुकविली. बँकेत काम करणाऱ्या आम्हा मंडळींचा तपासणी अहवाल आणि जोखमीचे मूल्यमापन यांच्याशी नित्याचा संबंध येतो. 'साहेबांना आवडणार नाही' म्हणून एखादे वाक्य सौम्य करण्याचा मोह आपणांपैकी अनेकांना झाला असेल. अशा वेळी लखनौच्या मुख्यालयातून निघालेला तो अहवाल आठवावा. अहवाल स्वीकारणे वा न स्वीकारणे वरिष्ठांच्या हाती असते. तो खरा लिहिणे आपल्या हाती असते. थोरातांनी आपल्या हाती होते ते चोख पार पाडले.