बॉनेटवरची कोळ्याची जाळी: स्वर्ल मार्क्स येतात कुठून आणि घालवायचे कसे

तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये एक प्रश्न परत परत येतो. "गाडी रोज पुसतो, तरी उन्हात बॉनेटवर गोल गोल ओरखडे दिसतात. काय करू?" उत्तर प्रश्नातच आहे हो. रोज पुसता, म्हणूनच दिसतात.

आपल्या रत्नागिरीत गाडीवर बसते ती धूळ मऊ नाही. जांभ्याचा लाल धुरळा आहे. चिऱ्यांच्या ट्रकमागे पाच मिनिटं गाडी चालवा, काच बघा. हातखंब्याकडे गेलात तर हायवेच्या कामाची खडी-माती. मांडवीला गेलात तर ती काळी वाळू, तिच्यात इल्मेनाइट असतं, टायटॅनियमचं कठीण खनिज. त्यात खारी हवा, म्हणजे हे सगळं चिकटून बसतं. अशा बॉनेटवर सकाळी घाईत कोरडं फडकं फिरवलंत की त्या फडक्याचा काचपेपर होतो. यांनाच म्हणतात स्वर्ल मार्क्स.

गंमत म्हणजे हे चरे बहुतेक गोल नसतातच. सगळ्या दिशांना विखुरलेले बारीक चरे असतात ते. सूर्याचं प्रतिबिंब जिथे पडतं त्याच्याभोवती प्रकाशाला आडवे असलेले चरेच तेवढे चमकतात, म्हणून वर्तुळ दिसतं. दोन पावलं सरका, वर्तुळही तुमच्याबरोबर सरकतं. रात्री मोबाईलचा टॉर्च लावून बघा. काळ्या गाडीवर जास्त दिसतील, पांढरीवर कमी, पण असतात दोन्हीकडे.

आता खरा मुद्दा. गाडीच्या पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. सगळे थर मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कागद साधारण 100 मायक्रॉनचा असतो, म्हणजे तुमच्या गाडीचा अख्खा रंग कागदाएवढा! त्यातला क्लिअर कोट साधारण 40-50 मायक्रॉन, केसापेक्षाही पातळ. ऊन आणि खारी हवा झेलतो तो हाच.

आणि ओरखडा "काढणं" म्हणजे काय? ओरखडा भरून येत नाही. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. म्हणजे प्रत्येक पॉलिशला थोडा थर कायमचा जातो. म्हणून दर गणपतीला, गावाला जायच्या आधी "जरा रबिंग मारून द्या" म्हणणाऱ्यांची मला काळजी वाटते. दोन-चार वर्षं गाडी झकास चमकते. मग टपावर आणि बॉनेटच्या कडेला पांढुरके पापुद्रे सुटायला लागतात. तिथे कुठलंच पॉलिश चालत नाही, पॅनलच रंगवावा लागतो.

तेव्हा आधी ओरखडा ओळखा. त्यावर पाणी टाका. ओला असताना गायब झाला तर तो वरवरचा आहे, निघेल. मग नख फिरवा. नख अडकलं तर खोल आहे, पॉलिशच्या नादी लागू नका. फार तर टच-अप रंगाचा ठिपका द्या, पत्रा उघडा पडला असेल तर नक्कीच द्या. खाऱ्या हवेत गंज वाट बघत नाही.

वरवरचा असेल तर घरीही जमतं. गाडी सावलीत, पत्रा गार. आधी भरपूर पाणी मारून धुळीचे कण खाली वाहू द्या, मग शाम्पूने धुवा. हात फिरवून खरखर लागली तर क्ले बार, तोही भरपूर ओला ठेवून. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांना आणि पॅनलच्या धारांना मास्किंग टेप लावा, कारण धारेवर रंग सगळ्यात पातळ असतो. मग फाइन पॉलिश, फोमचा पॅड आणि फक्त दीड फुटाचा तुकडा. पुसा, टॉर्चमध्ये बघा. समाधान झालं तरच पुढे. कडक कंपाउंडने सुरुवात अजिबात नको. मशीन घेणार असाल तर ड्युअल अ‍ॅक्शन घ्या. रोटरी एका जागी थांबली की रंग भाजते आणि स्वतःचेच गोल व्रण ठेवून जाते. पुसताना पांढऱ्या कापडावर गाडीचा रंग आला तर तिथेच थांबा. एकतर तुमच्या गाडीला क्लिअर कोट नाही, किंवा होता तो संपला.

टूथपेस्टचे व्हिडिओ पाठवता ना मला? दातासाठी बनवलेलं ते खरखरीत मिश्रण, चरे घालवता घालवता जागा मंद करून ठेवतं. खोबरेल तेलाने चरा लगेच गायब होतो, खरं आहे, पण तेल फक्त खाचेत बसतं. दोन धुण्यांत चरा परत आणि मधल्या काळात त्या तेलावर लाल धूळ चिकटलेली. काही दुकानांतल्या स्वस्त "ग्लेज"चीही हीच तऱ्हा. म्हणून दुकानात काम झाल्यावर पाणी मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एक जागा पुसून दाखवायला सांगा. चरे परत दिसले तर पैसे देण्याआधी बोला.

शेवटी वॅक्स किंवा सीलंट लावा. वॅक्स क्लिअर कोट परत आणत नाही, फक्त धूळ कमी चिकटते.

धुण्यासाठी दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची आणि एक कापड खळबळायची. कापड मायक्रोफायबरचं. जमिनीवर पडलं तर ते त्या दिवसापुरतं बाद. बॉनेट आणि टप आधी, खालच्या चिखलाच्या बाजू शेवटी. पावसाळ्यात गाडी आपोआप धुतली जाते असं समजू नका. पाऊस ओसरला की वाळलेला लाल चिखल असतोच, तो आधी पाण्याने भिजवा. आणि ऑफिसला उशीर होत असेल तर काच तेवढी पाणी मारून पुसा, बाकी धूळ राहू दे. धुळकट गाडी घेऊन मारुती मंदिरला गेलात तर कोणी हसत नाही, तिथे सगळ्यांच्याच गाड्या तशा असतात!

पुढच्या भागात पिवळ्या पडलेल्या हेडलाइटवर बोलू. बॉनेटचे फोटो पाठवणार असाल तर उन्हातले पाठवा, सावलीत सगळ्यांच्याच गाड्या नव्या दिसतात.