घरचा फोन आणि वायफायचा डबा

गेल्या पावसाळ्यात एका रात्री आमच्या वस्तीची वीज गेली आणि त्याच रात्री आईला दम लागला. नणंदबाई धावत गेल्या आणि भिंतीवरचा फोन उचलला. फोन मुका! मोबाईल सापडून शेजारचा रिक्षावाला येईपर्यंत पंधरा मिनिटे गेली. आई बरी आहे. पण वीज गेली तर फोन का जावा, हा प्रश्न आमच्या डोक्यातून जाईना.

वाचकहो, उत्तर सोपे आहे आणि ते फायबर बसवणारा माणूस सहसा सांगत नाही. जुन्या तांब्याच्या तारेवर टेलिफोन एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट वीज येत असे. घरात अंधार असला तरी फोन वाजे. फायबर म्हणजे काचेची तार. तिच्यातून उजेड येतो, वीज येत नाही. तुमचा फोन आता कंपनीच्या डब्याला जोडलेला असतो आणि डबा घरच्या प्लगवर चालतो. प्लग मेला की फोन मेला.

आम्ही डब्यासाठी छोटी बॅटरी, म्हणजे मिनी यूपीएस, आणली. बहुतेक डबे १२ व्होल्टचे असतात, पण डब्याच्या अडॅप्टरवर छापलेले वाचूनच घ्यावी. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. अडॅप्टरची पिनही जुळली पाहिजे. आमची पहिली जुळली नव्हती, दुकानात दुसरा हेलपाटा पडला.

फोनचे निस्तरले, तर वायफायचे गाऱ्हाणे पुढे आले. घर दोन खोल्यांचे. डबा दाराजवळ, लोखंडी कपाटाच्या मागे. सूनबाईंचे ऑफिसचे काम आतल्या खोलीत. बोलता बोलता आवाज तुटे, "हॅलो हॅलो" करून त्यांचा जीव मेटाकुटीला येई. आम्ही वेग वाढवून घेतला, महिन्याचे पैसे वाढले, आवाज तसाच तुटत राहिला.

कारण फोनला वेग फारसा लागतच नाही. साध्या इंटरनेट फोनमध्ये आवाजाची सेकंदाला ८००० वेळा मोजणी होते आणि त्याची पन्नास छोटी पाकिटे करून पाठवतात. सगळे मिळून सेकंदाला शंभर किलोबिटसुद्धा होत नाही. पण प्रत्येक पाकीट वेळेवर पोचावे लागते. उशिरा आलेले फेकून द्यावे लागते. तेच आपल्याला आवाज तुटल्यासारखे ऐकू येते.

पाकिटे अडकत होती दोन ठिकाणी. एक त्या कपाटाशी. लोखंड आणि पाणी वायफायला अडवतात, म्हणून डबा कपाटामागे किंवा पाण्याच्या पिंपाजवळ ठेवू नये. दुसरी अडचण हवेतली. चाळीत दर घरी एक डबा आणि सगळे २.४ गिगाहर्ट्झवर. त्यात एकमेकांना न अडणाऱ्या वाटा तीनच: १, ६ आणि ११. शेजाऱ्यांची गर्दी जिथे कमी, ती वाट निवडावी. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी, पण त्याला भिंत सोसत नाही.

घरात एक जुना राउटर धूळ खात होता. तो आतल्या दाराशी लावावा असे आमच्या भाच्याने सुचवले. आम्ही उत्साहाने तार जोडली आणि अर्धा दिवस घरभर इंटरनेट बंद! दोन्ही डबे घरातल्या मोबाईलांना क्रमांक वाटत बसले होते. एका रेशनच्या रांगेत दोघांनी टोकन वाटल्यावर होते तसेच. नीट रीत अशी: आधी जुना राउटर एकटा चालू करून त्याच्या पानावर जावे, पत्ता बुडाच्या चिठ्ठीवर असतो. त्याचा स्वतःचा क्रमांक मुख्य डब्याच्या मालिकेतला, पण वाटपाबाहेरचा द्यावा. त्याचे वाटप, म्हणजे डीएचसीपी, बंद करावे. वायफायचा पासवर्ड नवा ठेवावा. कारखान्याचा ठेवणे म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली दारात टांगणे. मग तार दोन्हीकडे लॅनच्या भोकात घालावी, वेगळ्या रंगाच्या भोकात नाही.

एवढ्याने सूनबाईंचे निम्मे दुखणे गेले. उरलेले निम्मे नातवाने मोबाईलवरून व्हिडिओ वर चढवायला घेतला की परत येई. टँकरच्या रांगेत पुढे ड्रमवाले उभे राहिले तर तांब्यावाल्याने किती वेळ थांबायचे? भाच्याने त्या राउटरमध्ये ओपनडब्ल्यूआरटी नावाची फुकट प्रणाली घातली. २००४ पासून जगभरचे लोक ती मिळून लिहितात. मूळ लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरचा. मग कंपनीच्या डब्याचे वायफाय बंद करून घराची सारी वाहतूक या राउटरमधून नेली आणि वर जाण्याची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या नव्वद टक्क्यांवर बांधली. आता रांग आपल्या राउटरात लागते आणि तो तांब्यावाल्याला आधी सोडतो. मात्र मॉडेल आणि त्याची आवृत्ती यादीत अचूक सापडली तरच हे करावे. भाच्याचा पहिला राउटर मधेच वीज गेल्याने कायमचा गेला. कंपनीच्या डब्याला तर हात लावू नये.

जाता जाता एक. कोणी भाड्यापोटी पैसे देऊन "घरात सिमकार्डांचा डबा ठेवा, फक्त इंटरनेट द्या" म्हणाला, तर त्याला दारातूनच परत पाठवा. परदेशचे कॉल चोरवाटेने देशात सोडण्याचा तो धंदा आहे आणि पोलीस येतात ते डबा ज्याच्या घरात असेल त्याच्याकडे.

परवा पुन्हा वीज गेली. आम्ही मुद्दाम फोन उचलून पाहिला, सूर आला. आई म्हणाली, "ठेव खाली, कोणाचा यायचा असेल."