विझणारा उजेड काय सांगतो?

नोटा तपासायची जांभळी बॅटरी तुम्ही पाहिली असेलच. कोथरूडमध्ये किराणावाल्याच्या गल्ल्यापाशी असते, इलेक्ट्रिकच्या दुकानात विकतही मिळते. एक घेऊन या आणि आज रात्री स्वयंपाकघरातला दिवा मालवून एवढं करून पाहा. काचेच्या दोन वाट्या घ्या. एकीत पाणी, दुसरीत पातळ हँड सॅनिटायझर. दोन्हींत चिमूटभर हळद टाका, ढवळा आणि बॅटरी मारा. फक्त ती कुणाच्या डोळ्यांवर धरू नका, मुलांच्या तर मुळीच नाही.

पाण्यातली हळद मलूल दिसते, गढुळलेली. सॅनिटायझरमधली मात्र पेटून उठते! हिरवट-पिवळा, झगझगीत उजेड, जणू वाटीच्या आतूनच येतोय. आता जरा थांबा आणि विचार करा. हळद एकाच डब्यातली. बॅटरी तीच. हळदीतला कर्क्युमिन नावाचा रेणूही तोच. मग एकीकडे तो उजळतो आणि दुसरीकडे गप्प बसतो, हे कसं?

या उजळण्याला पाठ्यपुस्तकात प्रतिदीप्ती म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे फ्लुरोसन्सच म्हणतात. घडतं ते असं. बॅटरीतून जांभळा आणि त्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश येतो. रेणूतला एक इलेक्ट्रॉन त्या प्रकाशाची ऊर्जा गिळतो आणि वरच्या पातळीवर जातो. तिथे पोचताच रेणू थरथरतो आणि मिळालेल्या ऊर्जेतला थोडा भाग उष्णता म्हणून सांडून टाकतो. हे सगळं एका सेकंदाच्या लाख कोटी भागांतल्या काही भागांत उरकतं. मग इलेक्ट्रॉन उरलेल्या ऊर्जेसकट क्षणभर रेंगाळतो, खाली उतरतो आणि ती ऊर्जा उजेड म्हणून बाहेर टाकतो. वाटेत थोडी सांडलेली असल्याने हा उजेड आलेल्या उजेडापेक्षा कमी ऊर्जेचा असतो, म्हणजे वेगळ्या रंगाचा. जांभळा गेला, हिरवा-पिवळा परत आला.

खरी गंमत त्या रेंगाळण्यात आहे. साधारणपणे ते काही नॅनोसेकंद चालतं, कर्क्युमिनच्या बाबतीत त्याहूनही कमी. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा शंभर कोटीवा भाग. तेवढ्यात प्रकाश जेमतेम फूटभर जातो. पण रेणूंच्या जगात हा वेळ भरपूर झाला. तेवढ्यात शेजारचा पाण्याचा रेणू येऊन चिकटू शकतो, ऊर्जा काढून घेऊन तिची नुसती उष्णता करून टाकू शकतो. कर्क्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, आणि जे थोडं विरघळतं त्याची ऊर्जा पाणी अशी परस्पर गिळून टाकतं. अल्कोहोलमध्ये ही गळती कमी, म्हणून उजेड जास्त. म्हणजे तुमच्या वाटीतली चमक नुसती हळदीची नाही. हळद कुणाच्या संगतीत आहे, हेही ती सांगते आहे. पुढे येणारं सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

हे कोडं उलगडायला सुरुवात झाली ती क्विनाइनपासून. हो, मलेरियावरचं तेच कडू औषध. 1845 मध्ये जॉन हर्शेल यांनी क्विनाइनच्या पाण्यासारख्या स्वच्छ द्रावणाच्या पृष्ठभागाशी एक निळी झाक पाहिली आणि तिची नोंद केली. 1852 मध्ये केंब्रिजच्या जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी सूर्यप्रकाश लोलकातून फाकवला आणि क्विनाइनची नळी त्या रंगपट्ट्यातून लाल टोकाकडून जांभळ्या टोकाकडे सरकवत नेली. लाल, पिवळा, हिरवा: काहीच नाही. जांभळ्याशी आली आणि नळी उजळली. आणि जांभळाही संपला, जिथे डोळ्याला निव्वळ काळोख दिसतो तिथे नेली, तरी ती उजळलेलीच! अदृश्य प्रकाश आत जात होता आणि दृश्य होऊन बाहेर येत होता. कल्पना करा, काळोखात धरलेली नळी स्वतःहून निळी होते आहे! टॉनिक वॉटरची बाटली आणलीत तर हेच दृश्य तुमच्या ओट्यावर दिसेल, कारण त्यात क्विनाइन असतं.

आता कपाटातला पांढरा शर्ट काढा आणि त्यावर बॅटरी मारा. निळा लखलखाट! आपल्या आज्या कपड्यांना नीळ देत असत. नीळ पिवळेपणा झाकते खरी, पण त्यासाठी कापडावरून परतणारा थोडा उजेड खाऊन टाकते. मग टिनोपाल आलं आणि त्याने उलटा रस्ता धरला. त्यातला रेणू उन्हातला अदृश्य अतिनील प्रकाश घेतो आणि निळा उजेड करून परत देतो. म्हणून असा शर्ट त्याच्यावर पडणाऱ्या दृश्य उजेडापेक्षा जास्त दृश्य उजेड परत देऊ शकतो. पांढऱ्याहून पांढरा हे निव्वळ जाहिरातीतलं बोलणं नाही, त्यामागे भौतिकशास्त्र आहे. जर्मनीत पाउल क्राइस यांनी 1929 मध्ये हॉर्स चेस्टनट झाडातलं एस्क्युलिन वापरून कापड असं उजळवून दाखवलं होतं. आज जवळजवळ प्रत्येक धुण्याच्या पावडरीत या जातीचा एखादा रेणू असतो.

बॅटरी खिशात टाका आणि एआरएआयच्या टेकडीकडे चला. संध्याकाळी फिरायला जातो ती वाट. वाटेवरची पानं आपल्याला हिरवी दिसतात, पण ती दिवसभर मंद लाल उजेड टाकत असतात! पानातलं क्लोरोफिल सूर्यप्रकाश घेतं, त्यातली काही ऊर्जा साखर बनवायला जाते, बरीच उष्णता होते आणि अगदी थोडी, एक-दोन टक्के, लाल उजेड म्हणून निसटते. उन्हाच्या झगमगाटात आपल्याला ती दिसत नाही. पण पालक कुटून स्पिरिटमध्ये भिजवा, गाळा आणि बॅटरी मारा: हिरवंगार द्रावण रक्तासारखं लाल दिसेल. कारण आता क्लोरोफिल पानातल्या साखर बनवणाऱ्या यंत्रणेपासून तुटलंय. ऊर्जा द्यायची कुणाला? उजेड म्हणून टाकण्याचं प्रमाण वाढतं.

पुढचं ऐकून मी तर चकितच झालो होतो. हा पानांचा उजेड उपग्रहांना आकाशातून दिसतो! कसा? सूर्याच्या प्रकाशात काही ठरावीक तरंगलांबींवर बारीक काळ्या रेघा असतात, कारण तेवढा प्रकाश सूर्याच्याच वातावरणात अडकलेला असतो. उपग्रह नेमका त्या रेघांमध्ये डोकावतो. तिथे सूर्याचा उजेड बराच कमी असतो, त्यामुळे रेघ किंचित भरलेली दिसली तर ती भर पानांची. जपानच्या गोसॅट उपग्रहाच्या मोजमापांवरून 2011 मध्ये सगळ्या पृथ्वीचे असे नकाशे निघाले. पीक हिरवं दिसत असतानाच त्याची उपासमार सुरू झाली असेल तर या उजेडातून ती कळू शकते. रेणूची संगत बदलली की चमक बदलते, हा हळदीच्या वाटीतलाच नियम, फक्त आकाशातून पाहिलेला.

अंधार पडल्यावर खडकांच्या कपारींवर बॅटरी फिरवलीत तर कदाचित हिरवट-निळा चमकणारा विंचू दिसेल. जगभरातले विंचू असे चमकतात. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ज्याच्या दंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला, तो आपला लाल विंचूसुद्धा. त्याच्या कवचात बीटा-कार्बोलिनसारखी संयुगं असतात. नुकतीच कात टाकलेला विंचू मात्र चमकत नाही. कवच कडक होत जातं तशी चमक येते. हात लावू नका, लांबूनच पाहा.

टेकडी पलीकडे उतरली की पाषाण. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, 1950 पासून इथे आहे आणि तिच्या शेजारी 2006 साली आयसर ही विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था सुरू झाली. पण पुण्यातलं फ्लुरोसन्सचं काम आयसरच्याही आधीचं आहे. पुणे विद्यापीठात डॉ. सुलभा कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी झिंक सल्फाइडचे काही नॅनोमीटर आकाराचे कण बनवत होते. अशा कणांत मँगनीजचे थोडे अणू मिसळले की नारिंगी उजेड येतो. लोखंडाचे किंवा निकेलचे मिसळले तर? उजेड विझतो. 1999 मध्ये त्यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला. मँगनीज, लोखंड आणि निकेल हे तिघे आवर्त सारणीत जवळजवळ राहणारे, पण एक कण उजळवतो आणि बाकीचे दोघे तो अंधारात लोटतात!

उजेड विझणं म्हणजे अपयश, असं आपल्याला वाटतं. रसायनशास्त्रज्ञांनी त्याचंच हत्यार केलं. कुणी आलं की विझणारा दिवा म्हणजे पहारेकरीच झाला ना?

आयसरमध्ये डॉ. सुजित घोष यांच्या गटाने असाच पहारेकरी बनवला. त्यासाठी त्यांनी घेतलं धातू-सेंद्रिय जाळं, ज्याला सगळे एमओएफ म्हणतात. पौड रोडला पुनर्विकासाच्या इमारतींभोवती परांची बांधतात ती डोळ्यांपुढे आणा: सांध्यांना दोरी, मध्ये बांबू आणि बाकी सगळी हवा. एमओएफची रचना तशीच. सांध्यांच्या जागी धातूचे अणू, बांबूंच्या जागी सेंद्रिय रेणू आणि मध्ये पोकळी. काही जाळी इतकी पोकळ असतात की एका ग्रॅमच्या आतले सगळे पृष्ठभाग उलगडले तर हजारो चौरस मीटर भरतील. चिमूटभर पावडरीत मैदान! अशा जाळ्यांच्या शोधासाठी सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमर याघी यांना 2025 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

पुण्यातल्या जाळ्यात सांधे कॅडमियमचे होते आणि बांबूंपैकी एका प्रकारात नॅफ्थलिनचा सांगाडा होता. कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळीतलं तेच नॅफ्थलिन. हे जाळं अतिनील प्रकाशात चमकायचं. काम त्याला दिलं होतं ट्रायनायट्रोफेनॉल हुडकायचं, म्हणजे पिक्रिक अॅसिड. दिसायला हे साधं पिवळं रसायन. गल्लोगल्लीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्तातलं क्रिएटिनिन मोजण्याच्या एका जुन्या पद्धतीत ते आजही लागतं. पण पहिल्या महायुद्धात तोफगोळे याच रसायनाने भरले जात, आणि पाण्यात विरघळत असल्याने सांडलं की ते दूरवर पसरतं. अडचण अशी की टीएनटीसारखे त्याचे भाऊबंद रचनेने फार जवळचे. त्या गर्दीतून नेमकं हेच ओळखायचं कसं?

जाळ्यातला इलेक्ट्रॉन वर गेला आहे, उजेड टाकायच्या बेतात आहे, आणि एवढ्यात पिक्रिक अॅसिडचा रेणू जवळ येतो. त्याच्यावर तीन नायट्रो गट आहेत, तिन्ही इलेक्ट्रॉनसाठी हपापलेले. जाळ्यातला इलेक्ट्रॉन खाली उतरायच्या ऐवजी याच्याकडे जातो आणि उजेड हुकतो. इतकं टीएनटीही थोडंफार करू शकतं. पण पिक्रिक अॅसिड पिवळं असल्यामुळे जाळं ज्या रंगाचा उजेड टाकतं त्यातला बराच प्रकाश ते स्वतः शोषू शकतं. म्हणून जाळ्याची ऊर्जा उजेड व्हायच्या आधीच, स्पर्श न होताही, अंतरावरून त्याच्याकडे वळते. अशी दूरवरची वाट उघडली की एकटा रेणू आसपासचे अनेक दिवे मंद करतो. शिवाय तो आम्ल असल्यामुळे जाळं आणि तो विद्युत आकर्षणाने एकमेकांकडे ओढले जातात. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळतात त्या पिक्रिक अॅसिडच्याच बाबतीत. इतर नायट्रो संयुगं हजर असतानाही जाळ्याने ते वेगळं ओळखलं. संजोग नागरकर, बिप्लब जोआर्डर, अभीक चौधरी, सौम्य मुखर्जी आणि घोष यांचा हा निबंध 2013 मध्ये 'आंगेवांडे केमी' या जर्मन नियतकालिकात आला आणि या विषयात तो पुढे वारंवार उद्धृत होत राहिला.

मला यातलं सगळ्यात मोठं वाटतं ते हे: कुठेही काही तोडावं, जाळावं लागत नाही. रेणूंची ओळख पटवायला बाकीच्या अनेक पद्धतींना मोठी यंत्रं लागतात. इथे पावडर, द्रव आणि एक जांभळा दिवा. उजेड गेला की उत्तर मिळालं. माझ्या मते पुण्यात झालेल्या रसायनशास्त्राच्या सुंदर कामांत याची जागा फार वर आहे.

जाता जाता एक गोष्ट. 1923 मध्ये कलकत्त्यात सी. व्ही. रामन यांचे सहकारी के. आर. रामनाथन यांना शुद्ध द्रवांत एक क्षीण, रंग बदललेला उजेड दिसला. तेव्हा तो अशुद्धीमुळे आलेला दुबळा फ्लुरोसन्सच मानला गेला. द्रव कितीही शुद्ध केले तरी तो जाईना. पुढे रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांनी दाखवून दिलं की तो फ्लुरोसन्स नव्हेच, काहीतरी अगदी नवीन आहे. तो दिवस 28 फेब्रुवारी 1928, आपला राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या सुमारास एनसीएलमध्ये सर्वसामान्यांसाठी खुला दिवस ठेवण्याची प्रथा आहे. यंदा मुलांना घेऊन टेकडीपलीकडे जाच, आणि तिथल्या संशोधकांना हळदीच्या दोन वाट्यांबद्दल जरूर विचारा.