प्रकाशाधारित उपचारपद्धती आणि त्वचेवरील कर्करोगपूर्व डाग

दीर्घकाळ उन्हात वावरलेल्या गौरवर्णीय व्यक्तींच्या चेहऱ्यावर, केस विरळ झालेल्या डोक्यावर व हातांवर खरखरीत, खवलेयुक्त डाग उद्भवतात. वैद्यकशास्त्रात त्यांना 'ॲक्टिनिक केराटोसिस' असे म्हणतात. ऑस्ट्रेलियात त्यांचे प्रमाण विशेष आढळते. अतिनील किरणांमुळे पेशींतील डीएनएला झालेली इजा हे त्यांचे मूळ कारण होय. बहुतेक डाग निरुपद्रवी राहतात. काहींचे रूपांतर मात्र स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगात होते. कोणत्या डागाचे तसे होईल हे आधी सांगता येत नाही, म्हणूनच उपचारांचे महत्त्व आहे.

या डागांवरील एक उपचार म्हणजे 'फोटोडायनॅमिक थेरपी' होय. तिचे मूळ म्युनिक येथील प्रयोगांत आहे. ॲक्रिडीन या रंगद्रव्याच्या द्रावणातील पॅरामेशियम हे सूक्ष्मजीव प्रकाशात अधिक वेगाने मरतात, असे १९०० च्या सुमारास ऑस्कर राब या विद्यार्थ्यास आढळले. अमेरिकेत या डागांसाठी निळ्या प्रकाशासह अमिनोलेव्ह्युलिनिक आम्लाच्या वापरास १९९९ मध्ये मान्यता मिळाली.

हे आम्ल शरीरातील हीमनिर्मितीच्या साखळीचा एक पूर्वघटक आहे. ते बाहेरून पुरविल्यास साखळीवरील नैसर्गिक नियंत्रण टळते आणि विकृत पेशींत प्रोटोपॉर्फिरिन अधिक प्रमाणात साचते. त्यानंतर सुमारे ४१७ नॅनोमीटरचा निळा किंवा सुमारे ६३० नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश टाकला जातो. प्रोटोपॉर्फिरिन ती ऊर्जा शोषून ऑक्सिजनकडे सोपविते. त्यातून निर्माण होणारा सिंगलेट ऑक्सिजन अत्यंत अल्पजीवी असल्याने जेथे निर्माण होतो तेथील पेशींचाच प्रामुख्याने नाश करतो.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्रकाश टाकताना तीव्र वेदना होऊ शकतात व नंतर सुमारे दोन दिवस ऊन टाळावे लागते. नेदरलँड्समधील ६२४ रुग्णांच्या तुलनात्मक अभ्यासाचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार डागांची संख्या किमान तीन-चतुर्थांशाने घटून वर्षभर तशीच राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण फ्लुरोयुरॅसिल या जुन्या मलमाच्या गटात सुमारे ७५ टक्के, तर प्रकाशोपचाराच्या गटात सुमारे ३८ टक्के होते.

सारांश, उपचारामागील शास्त्र कितीही सूक्ष्म असले तरी त्याची उपयुक्तता रुग्णावरील दीर्घकालीन परिणामांवरूनच ठरते. मेलॅनिनच्या संरक्षणामुळे भारतीयांत हे डाग विरळ असले, तरी वर्णहीनता असलेल्या व्यक्तींना हे संरक्षण नसते. त्यांच्या बाबतीत उन्हापासून बचाव आणि खरखरीत डागाची वेळीच तपासणी हाच पहिला उपाय होय.