कवेलूतली बाग : सक्युलंटच्या घरगुती कुंड्यांबद्दलचे गैरसमज

गोंदिया तालुक्यातलं कामठा हे जुन्या जमीनदारीचं गाव. या भागात कौलारू घरं उतरवून स्लॅब टाकले जाऊ लागले, तसे अंगणाच्या कडेला जुन्या कवेलूंचे ढीग दिसू लागले. सोबत तडा गेलेली मडकी, बांबूचे तुकडे, डालड्याचे डबे असतातच. सक्युलंट म्हणजे जाड, रसदार पानांची झाडं लावायला यातलं बरंचसं सामान विकतच्या कुंडीपेक्षा सरस आहे. मात्र या झाडांविषयीचा सल्ला बहुतेक कोरड्या किंवा थंड मुलखातून येतो. गोंदिया जिल्ह्यात वर्षाला 1,300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो. तो सल्ला इथे जसाच्या तसा लावला की झाड हातचं जातं.

“तळाला खडे टाकले की पाणी निथळतं”

हा सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहज उतरत नाही. मातीच्या बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात आणि माती पुरती भिजून जड झाल्यावरच ते खाली पडू लागतं. त्यामुळे पाणी देणं थांबवल्यावरही मातीच्या सगळ्यात खालच्या भागात एक ओला थर राहतोच. खडे घातले तर तो थर नाहीसा होत नाही, फक्त वर सरकतो आणि मुळांच्या आणखी जवळ येतो. आधीच उथळ असलेल्या कुंडीत दोन बोटं खडे म्हणजे मुळांची दोन बोटं कोरडी जागा गेली.

या ओल्या थराची उंची मातीच्या जातीवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून तीच माती उंच भांड्यात भरली, तर वरच्या मुळांना जास्त कोरडी जागा मिळते. इथे कवेलू कामी येतं. अर्धगोल देशी कवेलू दोन घ्या, तोंडाला तोंड लावून तारेने आवळा, की उंच नळकांडं तयार होतं. तळाला जाळीचा तुकडा बांधून ते विटांच्या दोन तुकड्यांवर उभं करा, म्हणजे खालचं तोंड मोकळं राहील. आत वरपासून खालपर्यंत एकच मिश्रण भरा. वर एचेवेरिया किंवा जेड लावा आणि तारेजवळच्या फटीत सेडमच्या फांद्या खोचा, त्या बाहेर लोंबतात. भाजलेल्या मातीच्या भिंतीतून ओल बाहेर झिरपून उडत राहते. उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं तेही याच कारणाने. या कुंडीला वर रंगाचा थर दिला, की ही वाट बंद होते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: कवेलू रंगवू नये. त्याचा विटकरी रंग हिरव्या-जांभळ्या पानांना तसाही शोभतो.

“शेतातली माती चांगली, धान पिकतं तर हेही पिकेल”

धानाची बांधी मुद्दाम पाणी धरण्यासाठी तयार केलेली असते. रोवणीआधी चिखल करतात तेव्हा मातीची कणीदार रचना मोडते, पोकळ्या बुजतात आणि पाणी खाली जायचं थांबतं. पऱ्ह्यांना, म्हणजे धानाच्या रोपांना, हेच हवं असतं, सक्युलंटच्या मुळांना मात्र हवा हवी असते. कन्हारसारखी काळी चिकण मातीही टाळावी. धानाच्या शेतकऱ्याला नकोशी वाटणारी बरडी, म्हणजे खडेमिश्रित हलकी जमीन, इथे उपयोगाची आहे. ती चाळून बारीक धूळ काढून टाकावी आणि जाडसर भाग ठेवावा. विटांचे वाटाण्याएवढे तुकडेही चालतात, पण त्यांची पूड नको.

जिल्ह्यात राइस मिल भरपूर आहेत, तेव्हा तूसही हाताशी असतं. धानाच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग तूस असतो. त्यात सिलिकाचं प्रमाण मोठं, त्यामुळे ते सहज कुजत नाही. पण कच्चं तूस घालण्यापेक्षा ते अर्धवट जाळून काळं करावं आणि पांढरी राख व्हायच्या आत पाणी मारून विझवावं. हे काळं तूस मिश्रण हलकं आणि मोकळं ठेवतं. पांढरी राख बारीक असते, पोकळ्या बुजवते आणि मातीचा अल्कपणाही वाढवते. दोन भाग जाडसर बरडी, एक भाग साधी माती, एक भाग काळं तूस आणि मूठभर जुनं कुजलेलं शेणखत, एवढं पुरे. ताजं शेण घालू नये.

“भोक नसलं तरी चालतं, पाणी कमी द्यायचं”

कपात, काचेच्या बरणीत, डब्यात लावलेल्या सक्युलंटचे फोटो सुंदर दिसतात. बिनभोकाच्या भांड्यात वर माती सुकलेली दिसते आणि तळाशी पाणी असतं. बाहेरून कळतच नाही. आवडीचा कप वापरायचाच असेल, तर रोप भोकाच्या लहान कुंडीत लावून ती आत ठेवा आणि पाणी द्यायच्या वेळी बाहेर काढा. मडक्याला भोक हवं असेल, तर कुंभाराला कच्च्या मडक्यालाच पाडायला सांगावं. भाजल्यावर खिळा ठोकला तर मडकं बहुधा चिरतं. बांबूचं पेर घेतलं, तर मधल्या गाठीचा पडदा आरपार भोकलेला हवा. बांबू ओलाव्याने कुजतो, हे धरूनच तो वापरावा.

“चमचाभर पाणी” किंवा “रोज फवारा” हे सल्लेही असेच. चमचाभर पाण्याने वरची माती ओलसर होते आणि खालची मुळं कोरडीच राहतात. पाणी द्यायचं ते भोकातून वाहेपर्यंत द्यावं, मग माती आतपर्यंत सुकेस्तोवर थांबावं. काडी खुपसून पाहावी, ओली आली तर हात आवरावा. पावसाळ्यात कुंड्या छपरीत, उजेडाच्या बाजूला हलवाव्यात आणि पाणी जवळजवळ बंद करावं.

“वाळवंटातली झाडं, उन्हाला काय घाबरायची?”

सगळी सक्युलंट वाळवंटातली नाहीत. दक्षिण आफ्रिकेतली हावर्थिया रानात झुडपांच्या आणि खडकांच्या सावलीत वाढते. एचेवेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली. मे महिन्यातलं आपल्याकडचं दुपारचं ऊन त्यांची पानं भाजून काढतं. पत्र्याचा डबा उन्हात ठेवला तर आतली माती इतकी तापते की मुळं होरपळतात. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली ही जागा बरी. इथली हिवाळ्यातली गार रात्र मात्र त्यांना मानवते. कित्येक पानांना लाल-गुलाबी कडा तेव्हाच येते. म्हणून नवी लागवड पाऊस ओसरल्यावर, धान कापणीच्या सुमारास करावी.

“घरात ठेवली की हवा शुद्ध होते”

या समजाचं मूळ नासाच्या 1989 च्या अभ्यासात आहे. तो बंद पेट्यांमध्ये केलेला होता. 2019 मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. घरात नेहमीच्या वायुविजनाने जेवढी हवा शुद्ध होते, तेवढी झाडांनी करायची तर दर चौरस मीटरला 10 ते 1,000 झाडं लागतील, असं त्यात दिसलं. खिडकी उघडणं सोपं आहे. “रात्री ऑक्सिजन देतात” हेही खरं नाही. बरीच सक्युलंट रात्री पानांची छिद्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, पण ऑक्सिजन तयार व्हायला उजेड लागतोच.

“कोणतंही जुनं भांडं चालतं”

कीटकनाशकांचे रिकामे डबे चालत नाहीत, कितीही धुतले तरी. धानाच्या गावात ते घरोघरी सापडतात, म्हणून हे ठासून सांगायला हवं. जुन्या टायरच्या आतल्या खोबणीत पावसाचं पाणी साचतं आणि तिथे डेंग्यूचे डास वाढतात. खालून भरपूर भोकं पाडल्याशिवाय टायर वापरू नये. कुंडीखालच्या थाळीतलं पाणीही आठवड्यातून एकदा तरी ओतून थाळी घासून सुकवावी.

काय लावतो तेही पाहावं. शेराचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून तो मुलांच्या खेळण्याच्या वाटेवर नको. पानफुटी आणि तिची नातेवाईक कलांचो जनावरांनी खाल्ली तर हृदयावर परिणाम करणारं विष अंगात जातं. त्या कुंड्या शेळ्या-वासरांची तोंडं पोचणार नाहीत इतक्या उंच टांगाव्यात, आणि छाटलेल्या फांद्या उकिरड्यावर न टाकता खड्ड्यात पुराव्यात.