संशोधनाची वाट (भाग ६) : गाइडच्या पलीकडचा आधार

मागच्या भागात आपण सिनॉप्सिस मंजूर होईपर्यंतचा प्रवास पाहिला. नोंदणीचे पत्र हाती येते, घरी पेढे वाटले जातात आणि मग समोर मोठा, मोकळा काळ पसरतो. एम.ए.ला किंवा एम.एस्सी.ला वेळापत्रक होते, वर्ग होता, परीक्षा होती. पीएच.डी.चे कोर्सवर्क संपले की यातले काहीच उरत नाही. उरतो एक विषय आणि एक गाइड. पुढची काही वर्षे सगळा भार या एका नात्यावर येतो. प्रकरणांची दुरुस्ती गाइडनी करायची, फेलोशिपच्या कागदावर सही त्यांची, नोकरीसाठी शिफारसपत्र त्यांचे आणि मन खचले तर धीरही त्यांनीच द्यायचा. गाइड कितीही चांगले असले तरी एका माणसाकडून हे सगळे मिळत नाही. ते नाते बिघडले, तर संशोधकाचे सगळेच अडते.

पीएच.डी. एकाच माणसाच्या भरवशावर करावी लागू नये यासाठी बऱ्याच सोयी आज अस्तित्वात आहेत. काही नियमांनी दिल्या आहेत, काही सरकारी योजनांतून आल्या आहेत. त्या कुणी घरी आणून देत नाही, म्हणून कोणती सोय कुठे आहे ते संशोधकाला ठाऊक हवे.

समिती कशासाठी असते

यूजीसीने नोव्हेंबर २०२२मध्ये पीएच.डी.चे नवे नियम अधिसूचित केले. त्यांत प्रत्येक संशोधकासाठी संशोधन सल्लागार समिती, म्हणजे सगळे जिला ‘आरएसी’ म्हणतात ती, आवश्यक ठरवली आहे. गाइड या समितीचे निमंत्रक असतात. संशोधकाने दर सत्रात समितीपुढे सादरीकरण करायचे असते. बहुतेक जण याकडे परीक्षा म्हणून पाहतात आणि कसेबसे निभावून नेतात. पण संशोधनाचा आराखडा आणि पद्धती ठरवायला मदत करणे हेही समितीचे काम आहे. प्रगती समाधानकारक नसेल तर तिने कारणे नोंदवून उपाय सुचवायचे असतात. म्हणून जाताना फक्त स्लाइड नेऊ नका, अडलेले दोन-तीन नेमके प्रश्न लिहून न्या. समितीने जे सुचवले त्याचे लेखी टिपण मागून घ्या. पुढे विषयाच्या दिशेवरून मतभेद झाले, तर हेच टिपण तुमच्या बाजूने उभे राहते.

याच नियमांत स्त्री संशोधकांसाठी तीन गोष्टी आहेत, पण अनेकींपर्यंत त्या पोचतच नाहीत. पीएच.डी.च्या काळात २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. प्रबंध सादर करण्यासाठी दोन वर्षांची जादा सवलत मिळू शकते. लग्नामुळे किंवा अन्य कारणाने गाव बदलावे लागले, तर अटी पाळून आपले संशोधन दुसऱ्या विद्यापीठात नेता येते. संसार सुरू झाला म्हणून प्रबंध सोडून दिलेल्या कितीतरी हुशार मुली आपल्या आजूबाजूला आहेत. त्यांच्यापैकी काही जणींना तरी हे वेळेवर कळले असते, तर आज त्यांच्या नावामागे ‘डॉ.’ लागले असते.

पैशाची बाजू

१ जानेवारी २०२३पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची (जेआरएफ) रक्कम दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ अधिछात्रवृत्तीची (एसआरएफ) ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा. दोन वर्षांनी समितीकडून कामाचे मूल्यमापन झाले की जेआरएफचे एसआरएफ होते. ही तारीख आपणच लक्षात ठेवून दोन महिने आधी कागद हलवायला लागावे. आकस्मिक खर्चासाठी, म्हणजे कंटिन्जन्सीसाठी, मानव्यविद्येत पहिली दोन वर्षे सालाना १०,००० आणि नंतर २०,५०० रुपये मिळतात. विज्ञानात हेच आकडे १२,००० आणि २५,००० आहेत. पुस्तके, झेरॉक्स, क्षेत्रकार्याचा प्रवास यांसाठी हा पैसा आहे. बिले जपून ठेवली नाहीत, तर तो हातचा जातो.

महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या संशोधकांसाठी पुण्याची बार्टी, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी, तर इतर मागासवर्ग, भटक्या-विमुक्त जाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती अधिछात्रवृत्ती देते. घरात पहिल्यांदाच कुणी पदवीच्या पुढे गेलेले असते, अशा मुलामुलींना या रकमेमुळे पूर्णवेळ संशोधन करता येते. याच अधिछात्रवृत्त्यांसाठी संशोधकांना आंदोलनांत बसावे लागले, हेही आपण पाहिले आहे. हातात पैसे नसतील तर माणूस प्रयोगशाळेऐवजी शिकवण्यांकडे वळतो. म्हणून वेळेवर मिळणारी फेलोशिप हाच संशोधनाचा पहिला आधार, असे मी मानतो.

ग्रंथालय घरापर्यंत आले आहे

काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी बसून आंतरराष्ट्रीय नियतकालिकातला लेख वाचायचा, तर पुण्या-मुंबईतल्या ओळखीच्या माणसाला गळ घालावी लागे. १ जानेवारी २०२५पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झाले. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांच्या या योजनेतून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके केंद्र आणि राज्य सरकारांच्या उच्च शिक्षण संस्थांना खुली झाली. गांधीनगरचे इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवते. आपली संस्था तिच्यात आहे का आणि घरून लॉगिन कसे करायचे, हे ग्रंथपालांना विचारा. ग्रंथपाल हा संशोधकाचा सर्वांत दुर्लक्षित मित्र आहे.

इन्फ्लिबनेटचेच ‘शोधगंगा’ भांडार देशभरातील प्रबंध मोफत वाचायला देते. आपल्या विषयावरचे चांगले तीन प्रबंध पहिल्याच वर्षी अथपासून इतिपर्यंत वाचावेत. प्रकरणे कशी पाडली आहेत, आधीच्या संशोधनाचा आढावा कसा घेतला आहे, निष्कर्ष कुठवर ताणले आहेत, हे त्यातून उमजते. साहित्यचोरीचे नियमही सुरुवातीलाच वाचून ठेवा. २०१८च्या नियमांनुसार प्रबंधातले साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द होते. संदर्भ नोंदवण्याची शिस्त पहिल्या टिपणापासून लावली, तर शेवटच्या महिन्यात धावपळ होत नाही.

पदवीनंतरच्या कामाची तयारी

ब्रिटनमध्ये सर गॅरेथ रॉबर्ट्स यांच्या २००२च्या अहवालाने सांगितले की पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला दरवर्षी किमान दोन आठवडे लेखन, सादरीकरण, प्रकल्प सांभाळणे अशा सर्वत्र उपयोगी पडणाऱ्या कौशल्यांचे प्रशिक्षण मिळावे. त्यासाठी तिथल्या सरकारने पुढे वेगळा निधी दिला. पीएच.डी. झालेला प्रत्येक जण प्राध्यापक होणार नाही, हे त्यांनी उघड मान्य केले. आपणही ते मोकळेपणाने मान्य करायला हवे. प्राध्यापकांच्या जागा मोजक्या आणि उमेदवार खूप, ही महाराष्ट्रातली स्थिती कुणाला सांगायला नको.

आपल्याकडेही २०२२च्या नियमांनी, विषय कोणताही असो, संशोधकाला अध्यापन आणि लेखनाचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. त्याला आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापनाचे काम देता येते. हे काम विभागाकडे मागा आणि त्याचे प्रमाणपत्रही घ्या. शिवाय दर सहा महिन्यांनी एक कागद लिहा : आज मला काय येते, पुढच्या कामासाठी काय यायला हवे, ते कुणाकडून आणि कोणत्या महिन्यापर्यंत शिकणार. अमेरिकेतल्या विद्यापीठांत असा वैयक्तिक विकास आराखडा गाइडबरोबर बसून करतात. संख्याशास्त्र, मोडी वाचन, इंग्रजी लेखन, संगणकाची एखादी भाषा, ज्याची उणीव असेल ते त्यात लिहावे. आपला विषय साध्या मराठीत चारशे शब्दांत मांडण्याचा सरावही त्यात घ्या. जे आपल्या आईवडिलांना समजावता येते, ते आपल्याला खरोखर समजलेले असते.

मन थकले, अन्याय झाला तर

संशोधनात महिनोन्‌महिने काहीच हाती लागत नाही असा काळ येतोच. झोप उडाली, विभागात जावेसे वाटेना, तर सहा महिने वाट पाहू नका. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मोफत आणि मराठीतही उपलब्ध आहे. समुपदेशकाशी बोलण्यात कसलाही कमीपणा नाही.

अन्याय होत असेल, तर यूजीसीच्या २०२३च्या नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल असायला हवा. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे जाते. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

विद्यापीठांकडे माझी आग्रहाची मागणी आहे. या सगळ्या सोयी आज वेगवेगळ्या खिडक्यांमागे विखुरल्या आहेत आणि नवा संशोधक त्या खिडक्यांसमोर एकटाच उभा असतो. फेलोशिप, ग्रंथालय, कौशल्य प्रशिक्षण, समुपदेशन आणि तक्रारी यांची माहिती देणारा एक संशोधक सहाय्य कक्ष प्रत्येक विद्यापीठात असावा आणि नोंदणीच्या पत्रासोबतच त्याची मराठी माहितीपुस्तिका हातात पडावी. तोवर आधीच्या तुकडीतल्या संशोधकांनी नव्यांना हे सांगावे. या आठवड्यात विभागातल्या सगळ्या संशोधकांनी एकत्र बसून आपल्या विद्यापीठातली आरएसी, ग्रंथपाल, फेलोशिपचे टेबल, समुपदेशक आणि लोकपाल यांची यादी करावी आणि ती विभागाच्या सूचनाफलकावर लावावी.

पुढील भागात : शोधनिबंध कुठे पाठवावा आणि बनावट नियतकालिके कशी ओळखावीत.